पट्टीखालचं पितळ

शेषरावानं तो ट्रॅक्टर घेतला तो निव्वळ खुन्नस म्हणून. हे तो स्वतःच सांगतो, लपवत नाही. त्याचं वावर आमच्या धुऱ्याला लागून. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायचा आणि अकोल्याला नेऊन विकायचा, ट्रॅक्टरची त्याला तशी गरजही नव्हती. मे महिन्यात बार्शीटाकळीच्या भंगारवाल्याकडून तो सांगाडा ओढत आणला, तेव्हा मी विचारलं, "काय करतं गा याचं?"

"पाटलाच्या दारावरून रोज नेतो," तो म्हणाला. "पाह्यत बसू दे त्याले."

पाटील म्हणजे खुशालराव. ट्रॅक्टर मूळचा त्यांचा, आणि शेषराव त्यावर अठरा वर्षं ड्रायव्हर होता. बारा वर्षांपूर्वी टाकीतलं डिझेल कमी होऊ लागलं. खुशालराव रोज सकाळी काडी बुडवून पाहायचे, तर रात्रीतून चार बोटं उतरलेलं. शेषरावानं दोनदा सांगितलं, "मालक, गोठ्यात वास येऊन राहिला, टाकी पाहून घ्या." खुशालराव म्हणाले, "वास तुह्या हाताले येत असीन." मग श्रावणात एका सकाळी दहा-बारा माणसं घेऊन ते त्याच्या घरी आले, चोरलेल्या डिझेलची क्यान शोधायला. क्यान कुठेच सापडली नाही. पण त्याची बायको पार्बताबाई, तिची लोखंडी पेटी त्यांनी आंगणात उलटी केली. चार लुगडी, लग्नातला शालू, आतले कपडे, सगळं चिखलात, सगळ्या गावासमोर. त्याच दिवशी त्याला कामावरून काढलं. तेव्हापासून गावात त्याचं नाव पडलं 'क्यान'. लहान पोरंसुद्धा म्हणत.

तर त्या ट्रॅक्टरचं इंजिन जाम झालेलं नव्हतं, हे नशीब. खराब होती ती टाकी. भंगारात जाण्याआधी नऊ वर्षं पाटलांच्या निंबाखाली उघडी पडून होती. झाकण काढलं तर आत डिझेलचा डिंक झालेला आणि वर गंजाचे पापुद्रे. असं डिझेल पंपात गेलं की पंप गेलाच. शेषरावानं टाकी उतरवली, आतली घाण ओतली, मूठ-मूठ गिट्टी आणि सायकलच्या दोन जुन्या चेनी आत टाकल्या, कढत पाण्यात साबणाचा चुरा कालवला आणि बाभळीच्या फांदीला दोर बांधून टाकीला झोका दिला. दिवसभर तो झोका देत बसायचा. आत गिट्टी खडखडायची. पार्बताबाई म्हणाली, "बाळंतीण झाले काय तुमी?"

पहिलं पाणी लाल निघालं, दुसरं लाल, पाचवं विटकरी. मग त्यानं अकोल्यातल्या चायनीजच्या गाडीवाल्याकडून व्हिनेगरचे डबे आणले, टाकी काठोकाठ भरली आणि दोन दिवस उन्हात ठेवली. त्यानंतर आंबटपणा मारायला खायचा सोडा, पुन्हा धुणं, लगेच वाळवणं, आणि परत गंज चढू नये म्हणून आतून डिझेलचा हात. टॉर्च लावून पाहिलं तर आत पत्रा राखाडी, स्वच्छ. मी त्या दिवशी तिथेच होतो. इतक्या वर्षांत त्याला एवढं खुश मी पाहिलं नव्हतं.

मग तो बाहेरून तारेचा ब्रश मारायला बसला. टाकी ज्या लोखंडी पट्टीनं आवळलेली असते, त्या पट्टीखालची जागा आली आणि त्याचा हात थांबला. रंगाखालून पिवळं चमकलं. बोटभर लांब, फट बुजवायला मारलेली पितळेची झाळ.

"हे मी असतानी नव्हतं," तो म्हणाला.

 मग टाकी पोत्यात गुंडाळली, माझ्या मोटारसायकलवर मागे बसला आणि आम्ही बार्शीटाकळीला चंदन वेल्डरकडे गेलो. चंदन आता म्हातारा झाला आहे, पण त्यानं झाळीवरून अंगठा फिरवला आणि लगेच ओळखली.

"माहाच हात आहे हा. पट्टीच्या घासणीनं शिवण उकलली होती. थेंब पट्टीवरून उतरे अन् खालच्या मातीत जिरे. कोणाले दिसन?"

"कोणं आणली होती?"

"खुशालराव सोता आले होते. पोळा आठ दिवसांवर होता. म्हणे, लय दिवसापासून गळून राहिली, डिझेल पुरत नाही."

"कोणत्या साली?"

चंदननं साल सांगितलं. शेषरावाला काढलं तेच. पेटी उलटी केली त्याला तेव्हा पंधरा दिवसही झाले नव्हते.

परत येताना मला वाटलं, आता तडक पाटलांच्या घरी जाईल. गेला नाही. टाकी बसवलीच नाही त्यानं, घरात फडक्याखाली ठेवली. जून गेला, जुलै गेला. पार्बताबाई म्हणायची, "सोडा आता, म्हातारा झाला तो." तो म्हणायचा, "मी बी झालो."

पंधरा ऑगस्टला ग्रामसभा असते. खुशालराव तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष, समोर खुर्चीवर बसलेले. गावातली भांडणं तेच मिटवतात. शेषराव खांद्यावर टाकी घेऊन आला आणि त्यांच्यापुढच्या टेबलावर ठेवली. चंदनला त्यानं आधीच बोलावून आणलं होतं. तो बिचारा नजर चुकवत उभा होता, पण विचारल्यावर त्यानं जे होतं ते सांगितलं.

खुशालरावांचा मुलगा गजेंद्र उठला. "हे काय नाटक लावलं बे?"

"तू बस," शेषराव म्हणाला. "तुह्या बापाले बोलू दे."

खुशालराव टाकीकडे पाहत होते. शेवटी म्हणाले, "हो. कळलं होतं मले."

"मंग बोलले काहून नाही?"

"काय तोंडानं बोलू? साऱ्या गावाले घेऊन आलो होतो तुह्या घरी." मग त्यांनी हात जोडले. "माफ कर बाबा."

सभेत लोकांना वाटलं, मिटलं. शेषराव म्हणाला, "माफी नको मले. आमची पेटी आंगणात उलटी केली होती. आता तुमची करा."

दोन-चार जणांनी समजावलं. तो हलला नाही. खुशालराव उठले आणि घराकडे चालू लागले, मागे आख्खी ग्रामसभा. दारात त्यांची बायको मैनाबाई उभी होती. तिला कोणीतरी आधीच सांगितलं असावं. कोणी काही म्हणायच्या आत ती आत गेली, पत्र्याची मोठी पेटी फरफटत बाहेर आणली आणि स्वतःच्या हातानं ओल्या आंगणात पालथी केली.

"पाहा," ती म्हणाली. "टाकी झाळून आणली त्याच दिवशी सांगतलं होतं मले यायनं. मी बी गप रायली."

पैठणी, सुती पातळं, नातवाचं झबलं, औषधाच्या चिठ्ठ्या. शेषरावानं सगळं नीट पाहिलं. घाई केली नाही. मग वळला आणि निघाला. माझ्या बाजूनं जाताना म्हणाला, "पाटलाच्या हातानं पाहिजे होतं."

खुशालरावांनी अध्यक्षपद सोडलं. गावात दोन तट पडले. निम्मे म्हणतात, बाईमाणसाच्या पेटीपर्यंत जायला नको होतं. शेषरावाला ते कळतं, आणि फरक पडत नाही. ट्रॅक्टर चालू झाला. तो रोज पाटलांच्या दारावरून जातो.

ग्रामसभेच्या त्या संध्याकाळी त्यानं रागिणीला फोन लावला. ही त्याची मुलगी, परतवाड्याला दिलेली.  तिचं लग्न आधी नांदगाव पेठेत जमलं होतं, कुंकू लागलं होतं, आणि चोराची पोरगी नको म्हणून मोडलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "त्यायले सांगतलं काय?"

दुसऱ्या दिवशी शेषराव धुतलेला शर्ट घालून पहिल्या एसटीनं नांदगाव पेठेला गेला. दोन तास शोधून घर सापडलं. लग्न मोडलेल्या त्या मुलाच्या बापानं ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर ओळखलं, खुर्ची दिली, चहा आणला. शेषरावानं उभ्यानंच सगळं सांगितलं, आणि चहा तसाच ठेवून दुपारच्या गाडीनं परत आला.