एसओफोरचा पत्रा

नववीच्या सहामाहीत मी रसायनशास्त्रात असे काही दिवे लावले की बाईंनी माझा पेपर वर्गात वाचून दाखवला. अ‍ॅल्युमिनियम सल्फेटच्या सूत्रात एसओफोर तीनदा यायला हवा होता. मी कंस न घालता चाराला चिकटवूनच तीन लिहिला. "त्रेचाळीस ऑक्सिजन? बारवी धरणातून आणलेस का?" बाई म्हणाल्या. वर्ग हसला. घरी आई मात्र हसली नाही. वार्षिकला नापास झालीस तर शाळा बंद, शिवणक्लास, असं तिनं सांगून टाकलं. ती बोलेल ते करणारी होती.

पप्पा अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत गोण्यांवर मालाचं सूत्र छापायचे. अक्षरं कापलेला पत्रा गोणीवर ठेवायचा आणि वरून काळ्या शाईचा ब्रश मारायचा. शिक्षण सातवी. त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं. शहाणीच होते मी.

एका रविवारी त्यांनी विठ्ठलवाडीच्या आमच्या खोलीत जुने पत्रे आणून फरशीवर मांडले. आकड्यांचे वेगळे, कंसांचे वेगळे. पण एस, ओ आणि चार मिळून एकच पत्रा.

"हे सुटं का नाही कापलंत?" मी विचारलं.

"कशाला? सोडियम असो, अमोनियम असो, हे तिघं एकत्रच जातात. तीनदा पायजे तर कंसात घाल नि तीन बाहेर लिव. आत हात नाय घालायचा."

मग पुस्तक आपोआप उलगडलं. अ‍ॅल्युमिनियमचा धन प्रभार तीन, अख्ख्या सल्फेटचा मिळून ऋण दोन. दोन अ‍ॅल्युमिनियम, तीन सल्फेट घेतले की दोन्हीकडे सहा. 'मिळून' हा शब्द मी दहादा वाचला होता, समजला त्या पत्र्यामुळे. माझी शाळा त्यानंच वाचवली, याबद्दल मी जन्मभर पप्पांची ऋणी आहे.

वार्षिकला पास झाले त्या संध्याकाळी पप्पांनी तोच पत्रा माझ्यापुढे धरला. "आता सांग, हे असतं तरी काय?"

मी सांगितलं. एक गंधक, त्याला धरून चार ऑक्सिजन. धातू कुठलाही येवो, ते एकमेकांना सोडत नाहीत.

"म्हंजे पाच जण," ते म्हणाले. "मी तिघंच समजत व्हतो." पत्र्यावरची वाळलेली शाई ते नखानं खरवडत राहिले. "पंधरा वर्षं छापतोय, कोनी सांगितलंच नाय. पन बरोबर छापलं ना?"

"एकदाही चुकला नाहीत, पप्पा," मी म्हणाले.