भिंतीवरचा देवमासा

जालिंदर सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर कमळ काढत होते. पन्नाशीही न गाठलेला माणूस! शाळेला निघता निघता उंबऱ्यातच कोसळला... मला रडू आलं नाही, संताप आला. पाच आठवडे झाले, अजून येतो.

आटपाडी भागातली आमची शाळा. सर विज्ञानाचे, मी चित्रकलेची. कंपाउंडची भिंत लांबलचक आणि कोरी. एक दिवस सर म्हणाले, "बाई, हिच्यावर निळा देवमासा काढायचा. खरा असतो तेवढा." झालं, गावाला विषय मिळाला. टपरीवरून आवाज यायचे, "गुरुजी, हितं प्यायला टँकर लागतोय, आन् तुमी देवमासा पाळताय व्हय?" सर ऐकून घेणाऱ्यातले नव्हेत. "आवं, त्याचे पूर्वज जमिनीवरच चालत हुते! त्याच्या पोहायच्या परांत अजून बोटांची हाडं हायत. आपल्यागत फुप्फुसानं श्वास घेतोय, पिल्लाला दूध पाजतोय. हे शिकायला पोरांनी समुद्रकाठी जन्म घ्यायचा का?"

उन्हाळ्याची सुट्टी आम्ही त्या भिंतीपाशी घालवली. मी आपल्या ऐटीत शेपूट काढलं, रोहू माशासारखं उभं. सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पुसा. माशाचं शेपूट डावी-उजवीकडं हलतं, ह्याचं वर-खाली. श्वासाला सारखं वर यावं लागतंय त्याला. आडवं पायजे." असा तोंडाळ माणूस! चार दिवस मी बोलले नाही. पाचव्या दिवशी मुकाट्यानं शेपूट आडवं केलं, कारण त्यांचं खरं होतं. मग डोक्याच्या माथ्यावर नाकपुड्या काढल्या, पाठ वर येताच श्वास घेता यावा म्हणून. पोटाचा एक भाग उघडा दाखवून कातड्याखालची जाड चरबी रंगवली, थंड पाण्यात ऊब धरणारी. शेपटाच्या अलीकडे, मांसात हरवलेली कमरेची दोन छोटी हाडं सरांनी स्वतः काढली. पाय गेले, तेवढीच खूण उरली म्हणाले.

शोकसभेत संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, की सरांच्या स्मरणार्थ ती भिंत पांढरी करून तिच्यावर सुविचार आणि देणगीदारांची नावं लिहायची. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मी उभी राहिले.

"नको. भिंतीला हात लावायचा नाही."

"बाई, आवं, सरांच्या सन्मानासाठीच करतोय न्हवं का?"

"मग सरांनाच पुसताय कशाला?"

तेवढ्यात सरांच्या पत्नी, दहा दिवस तोंडातून शब्द न काढलेल्या वहिनी, बसल्या जागेवरून म्हणाल्या, "बाई, तुमी खाली बसू नका." त्यांना हुंदका फुटला आणि मलाही.

तरी सोमवारी रंगारी आला. मी शाळेत पोचेपर्यंत त्यानं देवमाशाच्या डोक्यावर चुन्याचा एक हात मारलाही होता, नाकपुड्या गेल्या. मी आठवीचा वर्ग भिंतीपुढे बसवला आणि शिकवायला लागले. अध्यक्ष गाडीतून उतरले. "बाई, किती दिस आडवं येणार तुमी? आज न्हाई तर सुट्टीत पुसू की."

"पुसा," मी म्हटलं आणि चुन्यावरच निळ्या रंगाचा कुंचला टेकवला. "तुम्ही पुसा, मी काढते. मला निवृत्त व्हायला अजून अकरा वर्षं आहेत."