जिला नापास व्हायचं होतं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वाशिम जिल्ह्यातल्या परिचारिकांना प्रशिक्षण देणाऱ्या पथकाचा मी प्रमुख होतो. माझ्याबरोबर दोन ज्येष्ठ परिचारिका होत्या. तीन दिवसांत ऑक्सिजन लावणं आणि पीपीई किट घालणं-काढणं शिकवायचं, मग परीक्षा. पास झालेली कोविड वॉर्डात जायची, नापास झालेली परत आपल्या उपकेंद्रात. हा नियम माझा होता.

धनज गावच्या उपकेंद्रातून आलेली एक परिचारिका परीक्षेत तीनदा चुकली. किट काढताना हातमोजे आधी आणि मास्क सगळ्यांत शेवटी काढायचा असतो. ती दर वेळी मोज्यासकट हात मास्कला लावायची. आदल्या दिवशी हाच क्रम शेजारच्या दोघींना बिनचूक शिकवताना मी तिला पाहिलं होतं.

माझ्या पथकातली एक ज्येष्ठ म्हणाली, "लोक पास व्हाले कॉपी करतात बाई, तू नापास व्हाले मेहनत करून राह्यली." हॉल हसला. मीही हसलो.

नंतर धनजची परिचारिका व्हरांड्यात माझ्याजवळ आली. घरी पाच महिन्यांचं मूल होतं, अंगावर पिणारं. सासूनं बाटली देऊन पाहिली होती. ते तोंडात घेत नव्हतं. वॉर्डात ड्यूटी लागली की लॉजवर राहावं लागे, घरी जाता येत नसे.

"सर, मले नापास करा. दोन महिने द्या फक्त."

मी म्हणालो, मुलं बऱ्याच जणींना आहेत. मग विचारलं, "तुले येते का नाही, तेवढं सांग."

ती म्हणाली, "येते."

मी तिला पास केलं.

ती सात आठवडे वॉर्डात होती. कामाबद्दल एकही तक्रार आली नाही. सुरुवातीला ती दूध पिळून बेसिनमध्ये टाकायची, असं तिच्या खोलीतल्या परिचारिकेनं सांगितलं. पुढे दूध आटलं. मुलानं ती गेल्यावर तिसऱ्याच दिवशी बाटली धरली होती.

तिसऱ्या लाटेच्या तयारीत मी तिला पथकात घेतलं. मूल कसं आहे, विचारलं. बरं आहे, पण माह्याजवळ येत नाही, म्हणाली.

त्या तुकडीत लहान मूल असलेली एकजण सारखी चुकत होती. या वेळी काही न विचारता मी तिला नापास करणार होतो, तेवढ्यात धनजची परिचारिका माझ्याजवळ आली.

"तिले सारं येते सर. मुद्दाम चुकून राह्यली."

मी तिलाही पास केलं.