आर्डनचे पावणेदोनशे किलो

डेल्फा रिग्बीला नवऱ्याबद्दल विचारलं, की ती आधी त्याच्या दगडांबद्दल बोलायची, आणि तेही शिव्या घालूनच. आर्डन जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याची राख कॉफीच्या एका डब्यात मावली. चाळीस वर्षांत त्याने वेचलेल्या दगडांना मात्र कॅम्परमधली तीन कपाटं लागली. अकीक, जास्पर, दगड झालेलं लाकूड, आणि ‘आत काहीतरी असेल’ म्हणून उचललेले असंख्य गोटे, ज्यांच्यात कधीही काही निघालं नाही. एकूण पावणेदोनशे किलो.

“टाकून दे ना ते, आई,” मुलगी टॅमरा दर भेटीत, दर फोनवर म्हणायची.

“वाऱ्यात वजन लागतं गाडीला,” डेल्फा सांगायची. हे साफ खोटं होतं. पिकअप ट्रकच्या पाठीवर शेगडी, पलंग, संडास आणि पाण्याच्या टाकीसकट अख्खी खोली लादलेली, तोच तिचा कॅम्पर. सगळं मिळून पाच टनांच्या वर. या गाडीला आणखी वजन लागतं म्हणणं म्हणजे भरल्या दिवसांच्या बाईला ओझं देण्यासारखं होतं.

म्हातारी माणसं हिवाळ्यात उबेला जातात. डेल्फा ऐन जानेवारीत नेवाडाच्या ओसाड माळांवरच्या कच्च्या रस्त्यांवर जायची, कारण उन्हाळ्यात तिथे माणसं भेटतात. वय त्र्याहत्तर. तीस वर्षं शाळेची बस चालवलेली, त्यामुळे जगातल्या प्रत्येकाला ती अरे-तुरेच करायची आणि प्रत्येकजण निमूट जागेवर बसायचा. टॅमरा सोडून.

टॅमराने तिच्या डॅशबोर्डवर एक यंत्र बसवलं होतं. ते आकाशातल्या कुठल्यातरी उपग्रहाशी बोलायचं आणि टॅमराच्या फोनवर, नकाशात, आई एक निळा ठिपका होऊन सरकायची. त्या ठिपक्याबरोबर एक अटही आली होती. डेल्फा आधी दोनदा रुतली होती, एकदा वाळूत, एकदा बर्फात, आणि दोन्ही वेळा लोकांनी तिला ओढून काढलं होतं.

“तिसऱ्यांदा कुणी तुला ओढून काढलं, तर किल्ली माझ्या टेबलावर,” टॅमरा म्हणाली होती. “आणि तू माझ्या मागच्या खोलीत.”

“तिथे तुझ्या नवऱ्याचं व्यायामाचं यंत्र आहे.”

“ते हलवू.”

“ते आजवर कुणी हलवलेलं मी तरी पाहिलं नाही.”

पण तिने कबूल केलं होतं, आणि शब्द मोडणाऱ्यातली ती नव्हती.

बकस्किनच्या सपाटीचा नियम सोपा आहे. तीन मैल नुसती पांढरी चिकणमाती. पहाटे गोठलेली असताना तिच्यावरून आगगाडीही जाईल. ऊन चढलं की तिची खीर होते. म्हणून उजाडताच निघायचं आणि मध्ये थांबायचं नाही. हा नियम डेल्फाने आजवर रस्त्यात भेटलेल्या निम्म्या नेवाडाला ऐकवला होता. आर्डनला तर जन्मभर. तो बिचारा सपाटीतून जाताना खिडकीतून दगडांकडे बघत राहायचा आणि ती म्हणायची, “बघू सुद्धा नकोस.”

लोकां सांगे ब्रह्मज्ञान. त्या सकाळी सपाटी संपायला तीसेक पावलं उरली असताना तिला पांढऱ्या मातीवर काहीतरी लाल दिसलं. ती थांबली. बटाट्याएवढा जास्पर होता, एका अंगाला पिवळी रेघ असलेला. पलीकडे आणखी एक दिसला. मग त्याच्या पलीकडे एक. एकदा मान खाली घातली, की दगड वेचणाऱ्याच्या डोक्यातलं घड्याळ बंद पडतं, हे तिला चाळीस वर्षं गाडीत वाट बघून ठाऊक होतं. ती परत आली तेव्हा बुटांना दोन-दोन किलो माती चिकटली होती, आणि ट्रकची मागची चाकं निम्म्यापर्यंत खाली गेली होती.

तिने स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या बसमध्ये एखाद्या पोराने दिल्या असत्या, तर तिने त्याला तिथेच उतरवलं असतं.

रात्रीची थंडी पडेपर्यंत वाट पाहावी, तर पश्चिमेकडून ढग येत होते. ढगाखाली माती गोठत नाही, आणि पाऊस पडला तर महिनाभर सुटका नाही. तिने टायरमधली हवा कमी केली. टाकीतलं सगळं पाणी सोडून दिलं. गाडी जॅकवर चढवली आणि चाकाखाली फळी घातली. चिखलाने ती गिळली.

तेवढ्यात पलीकडच्या खडीच्या काठावर एक पिकअप येऊन थांबला. त्यातून जवळच्या मेंढ्यांच्या फार्मचा मालक, पेलो उरुटिया, साखळी घेऊन उतरला.

“ओढू का, बाई? लांब साखळी आहे माझ्याकडे.”

“हात लावलास तर बघ.”

पेलो थबकला. डेल्फाने त्याला अट सांगितली. त्याने साखळी खाली ठेवली, आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसला आणि चोरिझोच्या, म्हणजे तिखट सॉसेजच्या, सँडविचचा कागद सोडला.

“मग बघत बसलो तर चालेल ना?”

“बस. गडबड करू नकोस.”

तो चावत चावत म्हणाला, “चाकाखाली दगड लागतील. खडी बुडेल, आणि मोठे दगड इथे चाकांना पुरतील एवढे नाहीत.”

डेल्फाने हाताचा चिखल पँटला पुसला. ती कॅम्परच्या दाराशी बराच वेळ उभी राहिली. मग आत जाऊन तिने पहिलं कपाट उघडलं.

दोन्ही हातांत घेऊन ती एकेक दगड आणायची आणि चाकाखाली ठोकून बसवायची. पेलोला दगडांतलं कळत होतं, हे वाईट झालं.

“अहो, तो अकीक आहे. पॉलिश केलं तर—”

“माहीत आहे.”

“आणि ते लाकूड तर—”

“पेलो, तोंडात सँडविच आहे ना? मग ते खा.”

अंड्याच्या आकाराचा एक निळसर गोटा हातातून निसटला आणि दुसऱ्यावर आपटून फुटला. आत निळ्या स्फटिकांची पोकळी होती. डेल्फा त्याच्याकडे बघत राहिली. चाळीस वर्षं ती आर्डनला म्हणाली होती, की आत काही नसतं. तिला रडू आलं, आणि ते आलं म्हणून रागही. दोन्ही अर्धे तिने डाव्या चाकाखाली घातले.

तिन्ही कपाटं संपली. उजव्या चाकाखाली अजून एका दगडाची जागा होती. तिने खिशातला लाल जास्पर काढला, पिवळी रेघ अंगठ्याने पुसली आणि तोही ठोकला.

मग ती स्टिअरिंगवर बसली, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू पाय दाबला. गाडी करकरली, वर आली, आणि चालू लागली. चिखलात थांबायचं नसतं. ती थांबली नाही, तिने मागेही पाहिलं नाही. ती खडीवर पोचल्यावर पेलोने टोपी काढली.

“मी काही केलं नाही,” तो म्हणाला.

“कुणी विचारलं तर हेच सांग.”

चढावर फोनला रेंज आली आणि तो लगेच वाजला.

“चार तास, आई,” टॅमरा म्हणाली. “चार तास ठिपका हलला नाही. मी शेरीफचा नंबर काढून बसले होते. रुतली होतीस ना? खरं सांग. कुणी काढलं?”

“तुझ्या बापाने.”

“बाबांनी?”

“त्याचे दगड चाकाखाली घातले,” डेल्फा म्हणाली. “आता तरी खूश ना? सहा वर्षं टाक म्हणत होतीस.”

“सगळे?”

“सगळे.”

“ते निळं अंडं पण? मी सात वर्षांची असताना मी आणि बाबांनी... आई, एक तरी ठेवायचास.”

टॅमरा रडत होती. डेल्फाने वायपर चालू केले. पावसाचे थेंब पडू लागले होते.

“मार्चमध्ये सपाटी सुकते,” ती म्हणाली. “तुझा ठिपका चार तास जिथे थांबला होता, तिथेच आहेत ते. जाऊ आणि उकरू.”

टॅमराने नाक ओढलं.

“फावडं मी आणते,” ती म्हणाली. “गाडी तूच चालव. मला त्या मातीवर चालवता येत नाही.”