कुमुदकाकूंना न जमलेली वेणी

"मुलगी दत्तक घेतलीत का?" असं विचारणाऱ्याला कुमुदकाकूंकडे चहा मिळत नसे. "दत्तक नाही हो, सांभाळायला आणलीय. तिच्या माणसांची सोय लागेपर्यंत ती माझ्याकडे. पाहुण्याचं आडनाव बदलता का तुम्ही?" एवढं ऐकवून काकू दार लोटून घेत. कोथरूडला आमच्या समोरच त्यांचा फ्लॅट. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या आणि त्याबद्दल कुणाला चकार शब्द काढू न देणाऱ्या.

ही मुलगी म्हणजे आठ वर्षांची मुक्ता. आई आजारपणात गेली, वडिलांचा पत्ता नव्हता आणि एकुलती एक मावशी सासूच्या दुखण्यापायी गावी अडकली होती. म्हणून बालकल्याण समितीनं मुक्ताला काकूंकडे सोपवलं होतं. "मला आई म्हण" असं काकूंनी तिला कधीच सांगितलं नाही. "आई होती ना तिला. मी काकूच बरी," त्या म्हणत.

फक्त वेणीपाशी त्यांचं घोडं अडायचं. सकाळी शाळेच्या गडबडीत मुक्ताचा आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई, "असं नाही!" तिची आई कानामागून बट घेऊन कशीशी वेणी घाली, ती काकूंना काही साधेना. उभा जन्म शिवणकामात गेलेली ही बाई रोज वेणी सोडायची आणि पुन्हा घालायची.

वर्षभरानं मावशी परतली. मार्केट यार्डात भाजी निवडायचं काम, राहायला एक खोली. मूल नात्यातल्या घरी जावं असं समितीचं म्हणणं होतं, पण काकूंचं घर पाहून मावशीच कचरली. "हितं तिला येगळी खोली हाय, बाई. माझ्याकडं काय हाय? ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशीच."

खरं सांगते, मला हायसं वाटलं. मुक्ताशिवाय काकूंचं पान हलत नव्हतं.

बोलता बोलता मावशीनं मुक्ताला पुढ्यात ओढलं, फणी घेतली आणि वेणी घातली. मुक्ता डोळे मिटून बसून राहिली. एकदाही "असं नाही" म्हणाली नाही.

"कुणी शिकवली हो ही तुम्हाला?" काकूंनी विचारलं.

"आमच्या आईनं. आम्हा दोघी बहिणींना."

काकूंनी चष्मा पुसला. मग मुक्तालाच विचारलं, "कुठे राहायचंय तुला? मला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलायचं नाही."

मुक्तानं मावशीचा पदर धरला. "रविवारी इथे येऊ ना?"

"न येऊन जातेस कुठे!" काकू म्हणाल्या आणि मावशीकडे वळल्या. "वेगळी खोली मोठ्यांना लागते हो. समितीसमोर मी येते तुमच्याबरोबर."

मुक्ता गेल्यावर मी काकूंशी भांडलेच. "अहो, एवढी माया लावलीत आणि पाठवून दिलीत?"

"माया होती म्हणूनच पाठवली. चहा टाकू का?"

आता दर रविवारी मुक्ता येते. ती पलंगावर बसते, काकू खाली जमिनीवर, हातात आरसा धरून. त्यांच्या मूठभर पांढऱ्या केसांची ती वेणी घालते, मावशीनं शिकवलेली. वेणी अगदी छान झालेली असते. तरी काकू मान वळवून वळवून बघतात आणि समोरच्या घरात मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणतात, "असं नाही!" मग मुक्ता हसत हसत सगळी वेणी सोडते आणि पुन्हा पहिल्यापासून घालायला घेते.