चप्पलभर अंतर

मला बघायला मुलगा येणार होता, म्हणून मी एकदा विजेच्या दोन केबल एकमेकींना चिकटवून जमिनीत पुरल्या. आज नातवंडांना शहाणपण शिकवते. पण तेव्हाची मी म्हणजे हातात नवी पदविका, डोळ्यांवर काळा चष्मा आणि चष्म्यामागे तितकाच काळोख.

सुलभाताई मेश्राम आमच्या वीज-ठेकेदाराकडे अभियंता होत्या, माझ्या साहेब. नागपूरच्या मनीषनगरात नवीन वस्ती उठत होती आणि घरांपर्यंत वीज जमिनीखालून न्यायचं काम आमच्याकडे होतं. चर खणायचा, तळाला रेती, तिच्यावर केबल, पुन्हा रेती, वर विटांचा थर. विटा लागण्याआधी सुलभाताई पदर खोचून चरात उतरायच्या, पायातली चप्पल काढायच्या आणि दोन केबलच्या मध्ये आडवी ठेवून बघायच्या. मावली नाही तर सगळं काम उचला. तापलेल्या मुरमावर एका पायानं उड्या मारत त्या पुढे सरकत, आणि मजूर फिदीफिदी हसत.

"मॅडम, दुकानात टेप भेटते," एकानं म्हटलंच.

"टेप तुले वाचता येते का गा? चप्पल सगळ्यायले समजते."

केबल जवळजवळ असल्या की एकमेकींना तापवतात, एवढं मला पुस्तकातून ठाऊक होतं. ते मी ऐटीत सांगितलं, तर म्हणाल्या, "तेही आहेच. पण उद्या एक बिघडन, तिच्यापाशी दुरुस्तीले कोणीतरी बसन. मधातली जागा त्या माणसाची आहे, वं." आणि माझ्या चष्म्याकडे पाहून, "मॅडम असशीन तू वर. चरात उतरली का मजूर."

त्या दिवशी त्या दुसऱ्या कामावर होत्या. गल्लीच्या मध्यावर कडक मुरूम लागला, कुदळ चालेना, चर अरुंदच राहिला. रुंद करायचा तर संध्याकाळ होणार, आणि मला नरखेडची शेवटची एसटी गाठायची होती. घरी पोहे भिजत पडले होते ना! "राहू द्या, खाली कोण बघतंय," मी म्हटलं आणि रेती टाकायला लावली. आल्यावर सुलभाताईंनी विचारलं, "चप्पल मावली का वं, कुंदे?"

"मावली, ताई."

लग्न ठरलं, झालं. थोरल्याच्या बाळंतपणासाठी मी माहेरी असताना, ऐन मे महिन्यात, त्याच गल्लीतली एक केबल जळाली. दुसरीवर समोरच्या इमारतीचे कूलर चालू होते, वरच्या मजल्यावर तापानं फणफणलेलं एक मूल होतं. मजूर म्हणाले, दोन्ही बंद करा. सुलभाताई म्हणाल्या, "कुंदाच्या हातचं काम आहे. दुसरी लांब असन." आणि कोणाला पुढे न पाठवता स्वतः खाली उतरल्या. बसायला जागा करायला कडेचा कडक मुरूम फोडताना छिन्नी सरळ शेजारच्या चालू केबलमध्ये शिरली.

ऐकलं तशी मी बाळ आईकडे टाकून नागपूरला आले. दवाखान्यात त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत होते, तोंडावर मलम, भुवया नव्हत्याच. बाहेर ऑफिसची माणसं बोलत होती की इतकी वर्षं काम करून बाईंनी हलगर्जीपणा केला. मी ते ऐकत ऐकत आत गेले. पुढे आठवड्याच्या आतच त्या गेल्या. म्हणजे आमचं ते शेवटचं बोलणं.

मी सगळं सांगितलं. मुरूम, एसटी, "मावली, ताई." सांगताना हुंदके थांबेनात. आता शिव्या देतील असं वाटलं, आणि शिव्या मिळाल्या असत्या तर बरंच झालं असतं.

"रडून काहून राहिली? माफी मंग माग, कुंदे. त्या गल्लीत पुढंही केबल तशाच चिकटून असतीन न? जाय, आधी तो चर उघड. तिथं अजून कोणी उतरन, वं."