वाढत्या अंगाचा शब्दकोश

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. मलकापूरच्या आमच्या शाळेत त्या दिवशी पालकसभा होती आणि एका आईला मी तिच्या मुलाच्या अक्षरावरून चार शब्द सुनावत होते. मामेभाऊ संदीप एवढंच म्हणाला, "आक्का, तात्या गेलं. सकाळी च्या घेतला, जरा पडतो म्हणालं... उठलंच न्हाईत." मी "निघते" म्हणाले. पण खरं सांगते, त्या क्षणी डोळ्यांपुढे तात्यांचा चेहरा आला नाही. आला तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशातला शाईचा पेन. महिन्यापूर्वी माझ्यामुळे तो खिशातच राहिला होता.

तात्या माझे थोरले मामा. शिक्षण सातवीपर्यंत, तासगावात बेदाण्याचा व्यापार. सौद्याला इतर व्यापारी बॉक्सचा वरचा थर बघत. तात्या बाही वर सारून हात थेट तळाला घालत, मूठभर माल वर काढत आणि दोन दाणे तोंडात टाकत. "वरचा थर सगळ्यांचाच ग्वाड असतुया," असं त्यांचं म्हणणं. माणसांच्या बाबतीत मात्र ते वरच्या थरावरच विश्वास ठेवून मोकळे होत आणि त्यात दोन-तीनदा चांगले पोळलेही.

माझी मुलगी ओवी तिसरीत गेली तेव्हा मी तिला शब्दकोश आणला. मी मराठीची शिक्षिका, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे गणवेश कसा वाढत्या अंगाचा घेतात, दोन वर्षं बाह्या दुमडून घालायचा. तसाच मी कोशही घेतला. जाडजूड, पार कॉलेजपर्यंत पुरेल असा. ओवीनं आठवडाभर तो मांडीवर घेतला, मुंगीएवढ्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि मग हळूच टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवून दिला. त्याआधी दिवसातून दहा वेळा "आई, म्हणजे काय गं?" चालायचं. आता मी दरवेळी "कोशात बघ" म्हणू लागले आणि बघता बघता तिचं विचारणंच थांबलं. मला वाटलं, पोरगी शहाणी झाली.

तात्या दिवाळीत आले तेव्हा ती त्यांना गोष्ट वाचून दाखवत होती. अडणारा शब्द आला की तो गाळून पुढं जात होती. तात्यांनी गोष्ट पुरी ऐकली आणि मला स्वयंपाकघरात गाठलं. "सुमे, पोरगी इचारायची थांबलीया. ही लय वाईट सवय. उद्या सांगलीला जाऊ."

सांगलीच्या दुकानात काउंटरवर सहा-सात कोश मांडले गेले. तात्यांनी एकाही मुखपृष्ठाकडे पाहिलं नाही. सवयीनं बाही मात्र वर सारली आणि मला हसू आवरेना. "ओवे, जो शब्द तुला ठावं हाय, त्योच आधी बघ. ठावं असलेलं जो नीट सांगंल, त्याचं बाकीचं खरं मानायचं." शब्द अर्थातच बेदाणा. पहिल्या कोशात निघालं, 'शुष्क द्राक्षफल'. "ह्ये समजाया दुसरा कोश लागंल," म्हणून तात्यांनी तो मिटला. पुढच्यात 'सावलीत सुकवलेले द्राक्ष' असं होतं आणि तात्या एकदम खुलले. "सावलीत म्हटलंय बघ. ह्या माणसानं बेदाणा सुकवायची शेड बघितलीया." त्यांच्या दृष्टीनं सौदा झाला होता. पण ओवी तोवर तिसऱ्याच कोशाशी खाली फरशीवर बसली होती. बेताचा जाड, ठसठशीत अक्षरांचा, मांडीवर आपोआप उघडा राहणारा. त्यात बेदाणा नव्हताच.

"तात्या, हा मला वाचता येतो."

तात्यांनी हातातल्या कोशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग त्योच. वाचणार तू हाईस, मी न्हवं." आणि दुकानदाराला म्हणाले, "आवं, बेदाणा न्हाई ह्यात, पर मागं चार पानं कोरी हाईत. आमी लिवू की."

आणि खरंच लिहू लागले. दर भेटीला एक शब्द. शब्द तात्यांनी द्यायचा, अर्थ ओवीनं सांगायचा आणि तात्यांनी शाईच्या पेनानं तो मागच्या पानावर उतरवायचा. 'बेदाणा : म्हातारं झालेलं गोड द्राक्ष.' 'सौदा : मोठ्या माणसांनी ओरडून केलेली खरेदी.' घरात पुन्हा "म्हणजे काय गं?" सुरू झालं. कोश तिच्या उशाशी झोपू लागला.

मी ती पानं पाहिली आणि तात्यांना फोनवर झापलं. पुस्तकात लिहू नका म्हणून मी वर्गात मुलांना ओरडते आणि तुम्ही शाईनं गिरगटून ठेवता... "व्हय, चुकलंच माझं," एवढंच ते म्हणाले. मला राग शाईचा नव्हता. माझा कोश टीव्हीखाली होता आणि त्यांचा उशाशी, ह्याचा होता. तेव्हा हे कबूल केलं असतं तर आज हा लेख वेगळा झाला असता.

शेवटची भेट तासगावला. तात्या खूप थकलेले, खाटेवर उशीला टेकून बसलेले. ओवीनं कोश पुढं केला. "तात्या, आजचा शब्द?" त्यांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात परत मांडीवर आला. "तुझ्या आईला इचार," ते म्हणाले. मी नुसतं "लिहा की तात्या" म्हणायचं होतं. मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

दिवसकार्य झाल्यावर संदीपनं तो पेन ओवीच्या हातात दिला. परवा ती पेन आणि कोश, दोन्ही घेऊन माझ्यापुढे बसली. मागचं दीड पान अजून कोरं आहे. "आई, आता शब्द तू दे," म्हणाली. पुस्तकात लिहू नका म्हणून इतकी वर्षं मुलांना ओरडत आलेली मी, माझाच हात पुस्तकावर टेकायला तयार होईना. मग तात्यांच्या शेवटच्या ओळीखाली मी लिहिलं, 'वाढत्या अंगाचं'. अर्थ तिनं सांगायचा होता. तिनं गणवेशाच्या दुमडलेल्या बाहीकडे पाहिलं, टीव्हीखालच्या कप्प्याकडे पाहिलं, बराच विचार केला.

"आईनं प्रेमानं आणलेलं, पण मला अजून न बसणारं."

मी ते जसंच्या तसं उतरवलं. शाई जरा जास्तच सुटते त्या पेनातून, म्हणून वाळेपर्यंत पान उघडं ठेवून आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो.